नाकातून पान्हा

बाबांच्या दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. काका हात जोडून काय काय कबूल करत होते, ताईला हुंदका आवरत नव्हता. मी कावळे मोजत होतो. सात होते. आठवा पलीकडच्या वडावर बसला होता, त्याला मोजायचं की नाही ते ठरत नव्हतं. आत्या पदर तोंडाला लावून शेजारणीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "दगड झालंय पोरगं. म्हशीचा पान्हा आटावा तशी माया आटली बघा ह्याची."

ती जानेवारी 2012ची गोष्ट. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियातल्या एका दवाखान्यात बसून नाकात पान्ह्याचंच औषध मारून घेत होतो. आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

मला स्किझोफ्रेनिया आहे. 2007 साली एमएस करायला अमेरिकेत आलो, दुसऱ्या सेमिस्टरला आवाज सुरू झाले, तिसरं सेमिस्टर आलंच नाही. ती हकिकत इथे सांगत नाही, सगळ्यांची साधारण सारखीच असते. तेव्हापासून ताई आणि दाजींकडे राहतो, एका गोदामात मालाच्या नोंदी करतो. रिस्पेरिडोन नावाच्या औषधानं आवाज बंद झाले. वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, तुम्ही स्थिर आहात. खरंच होतो. टेबलासारखा.

या आजाराचे ढोबळ तीन गठ्ठे करतात. आवाज, भास, संशय हा पहिला. उमेद जाणं, चेहरा कोरा पडणं, बोलण्यातला चढउतार संपणं हा दुसरा. तिसऱ्या गठ्ठ्यात लक्ष, आठवण आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं. पहिल्या गठ्ठ्यावर 1950च्या दशकापासून औषधं आहेत, क्लोरप्रोमाझिनपासून सुरुवात झाली. उरलेल्या दोन गठ्ठ्यांवर मात्र डॉक्टरही खांदे उडवतात. नोकरी टिकत नाही, मित्र उरत नाहीत, ते बहुतेक याच दोन गठ्ठ्यांपायी. माझा चेहरा हलत नाही आणि दुसऱ्याचा वाचता येत नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद.

दवाखान्याच्या फलकावर कागद लावला होता: स्किझोफ्रेनिया असलेले पुरुष हवेत, सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, माणसं ओळखण्याचं प्रशिक्षण आणि त्याआधी नाकात हार्मोनचा फवारा. हार्मोनचं नाव ऑक्सिटोसिन. घरी आल्यावर ताईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अरे, हे तर मला बाळंतपणात सलाइनमधून दिलं होतं! पिटोसिन म्हणतात इथे. कळा वाढवायला."

आणि मग मला आमचा गोठा आठवला. म्हैस धार द्यायला उभी राहते, पण रेडकू आचळाला लागल्याशिवाय पान्हवत नाही. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायचे, ती चाटायची आणि दूध उतरायचं. ज्यांना तेवढाही धीर नाही ते सुई मारतात. पान्हा चोरणारी म्हैस त्या सुईनं मिनिटा-दोन मिनिटांत सगळं सोडते. ती सुई ऑक्सिटोसिनचीच. आमच्याकडे बाबांनी ती कधी गोठ्यात येऊ दिली नाही, पण गावात कोणाकोणाकडे होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आईला फोनवर समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तुला कशाला रं पान्हा?"

बरोबर प्रश्न होता. मी संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंना तोच विचारला, फक्त म्हशीचं सोडून. त्यांनी जे सांगितलं आणि मी पुढे जे वाचलं ते थोडक्यात असं. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरते. त्या भागाच्या अर्कानं गर्भाशय आकुंचन पावतं हे हेन्री डेल यांनी 1906 साली दाखवलं. ग्रीकमध्ये नावाचा अर्थच लवकर बाळंतपण. व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 साली ती प्रयोगशाळेत बनवली आणि 1955चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तोवर हा सगळा बायकांचा आणि गाईम्हशींचा मामला होता. पुढे लक्षात आलं की पिल्लाला ओळखणं, जोडीदाराला चिकटून राहणं यातही प्राण्यांमध्ये याचा हात असतो. मग 2005 साली झुरिकच्या संशोधकांनी पुरुष विद्यार्थ्यांच्या नाकात ते फवारलं, तर पैशांच्या एका खेळात त्यांनी अनोळखी माणसावर जास्त भरवसा टाकला. 'नेचर'मध्ये ते छापून आलं आणि वर्तमानपत्रांनी त्याला प्रेमाचं हार्मोन करून टाकलं. 2010 साली सॅन डिएगोत स्किझोफ्रेनियाच्या थोड्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांबरोबर तीन आठवडे हा फवारा दिला, तेव्हा त्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. या सगळ्यावरून या लोकांचा अंदाज असा की शिकवणीआधी फवारा मारला तर शिकवलेलं जास्त मुरेल.

भरती करून घेण्याआधी रक्त, लघवी, हृदयाचा आलेख आणि एक चमत्कारिक प्रश्न: दिवसाला पाणी किती पिता? मी म्हटलं, मोजलं नाही. म्हणाल्या, चार दिवस मोजून या. ऑक्सिटोसिनचं एक भावंड आहे, व्हॅसोप्रेसिन. नऊपैकी दोनच अमिनो आम्लांचा फरक. ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगतं. ऑक्सिटोसिनही थोडंफार तसंच वागतं, त्यामुळे अंगात पाणी साठून रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. आणि आमच्या आजारात काहींना पाणी पीत सुटायची सवय असते. चार दिवस मी गोदामात बाटल्यांच्या रेघा मारत बसलो. मुकादमाला वाटलं मालाचाच हिशेब चाललाय.

मग संमतीपत्र. चौदा पानं. सही करायच्या आधी बाईंनी माझीच परीक्षा घेतली. खरं औषध मिळेल की कोरं, म्हणजे औषधच नसलेला फवारा, ते कोण ठरवणार? कॉम्प्युटर. तुम्हाला कळेल? नाही. मला? तुम्हालाही नाही. मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होतील? नाही. कशावरून? मी पान उघडून बोट ठेवलं. त्या हसल्या. निदान तोंडाचे कोपरे वर गेले, त्यावरून मी ते हसू धरलं. पाच वर्षांत माझ्या सहीआधी मला कळलंय की नाही हे कोणी पहिल्यांदाच तपासत होतं. आजारी पडलो तेव्हा ज्या रुग्णालयात नेलं होतं तिथे नुसतं पेन पुढे आलं होतं.

फवारा फ्रीजमधून यायचा, गडद रंगाच्या बोटभर बाटलीत. नर्स आधी हवेत दोनतीनदा दाबायची. मग मान सरळ, एक नाकपुडी बंद, दाबायचं, हलकेच आत ओढायचं. मग दुसरी. एका दाबाला चार युनिट, असे दहा दाब, म्हणजे चाळीस. मधे थोडं थांबायचं, नाहीतर सगळं घशात उतरतं. उतरायचंच. कडसर चव जिभेच्या मुळाशी बराच वेळ राहायची. त्यानंतर अर्धा तास एका खोलीत एकट्यानं बसायचं. वाचायला डोंगर-समुद्राची मासिकं ठेवली होती, माणसांचे फोटो नसलेली. मुद्दाम तशी निवडली होती म्हणे.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीत मायेची वाट बघत बसलो. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणला. बाबांचा आणला. आत्याचासुद्धा. काही नाही. नाक तेवढं चोंदलं.

आमच्या गटात सहाजण. त्यातला एक सैन्यातून निवृत्त झालेला, सदैव टोपी घालणारा, एक माझ्याहून लहान, जो पहिले चार वर्ग एक शब्द बोलला नाही. सुरुवातीला फोटो: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. भुवया कुठे, ओठ कसे, डोळ्यांशी सुरकुत्या आहेत का. भीती आणि आश्चर्य मी शेवटपर्यंत उलटसुलट करत राहिलो. मग आवाज, मग छोटे व्हिडिओ. मजा व्हिडिओंपासून सुरू झाली.

एकात ऑफिसातले दोघे. एक म्हणतो, शनिवारची माझी पाळी करशील का? दुसरा म्हणतो, "ओह, शुअर. आय हॅव नथिंग बेटर टू डू." प्रश्न: तो पाळी करायला खूश आहे का? मी लिहिलं, हो, मोकळाच आहे तो. टोपीवाल्यानंही तेच लिहिलं. शिकवणाऱ्या मुलानं व्हिडिओ मागे नेला, 'शुअर' किती लांबवलंय ते ऐकवलं, डोळे छताकडे जातात ते थांबवून दाखवलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी म्हटलं, याला आमच्याकडे टोमणा म्हणतात आणि त्याच्यावर अख्खी घरं चालतात. ताईच्या सासूबाई जेव्हा म्हणतात, "असू दे हो, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल," तेव्हा मला एका सेकंदात कळतं. मग इथे माझे मार्क जातायत ते आजारापायी की इंग्रजीपायी?

मुलाला उत्तर येईना, त्यानं बाईंना बोलावलं. बाईंनी प्रश्न वहीत लिहून घेतला, ते मला आवडलं. म्हणाल्या, तुमची तुलना तुमच्याशीच होणार, आधीचा तुम्ही आणि नंतरचा तुम्ही, इंग्रजी दोन्हीकडे तेवढंच. उत्तर चोख होतं. पण त्यामुळे एवढंच कळतं की मी अमेरिकन टोमण्यात सुधारलो का. चेहऱ्याच्या चाचण्यांतले सगळे चेहरे त्यांचे, ऑफिसं त्यांची. आमच्याकडचा माणूस रागावला की अनेकदा आवाज खाली नेतो. बाबा तर रागावले की जेवायचे नाहीत. त्याचा फोटो कसा काढणार?

म्हणून काही दिवस मी तोऱ्यात होतो, की मराठीत आपलं सगळं ठीक आहे. आठव्या वर्गात तो तोरा उतरला.

त्या दिवशीचा विषय होता बोललेलं एक आणि मनातलं एक. टोमण्यात वाईट लपवतात, पण माणसं कधी कधी गरजसुद्धा लपवतात, असं शिकवणारा म्हणाला. उदाहरण होतं एका म्हातारीचं. ती मुलाला सांगते, मी ठीक आहे, तू तुझं काम बघ. व्हिडिओत ती हे बोलताना दाराची कडी धरून उभी असते. मुलगा निघून जातो. प्रश्न: तिला काय हवं होतं?

मी पेन्सिल खाली ठेवली. 2011च्या दिवाळीनंतर आईचा फोन आला होता. बाबांना दवाखान्यात ठेवलंय, आता बरे आहेत. मी विचारलं, येऊ का? ती म्हणाली, "नको येऊस. तिकीट महाग असतं." मी म्हटलं, बरं. ताईला मी हेच सांगितलं, आई नको म्हणाली. ताई तरी गेली, मी गेलो नाही. इतक्या दिवसांत मला एकदाही वाटलं नव्हतं की त्या वाक्यात आणखी काही असेल. मराठीत होतं, माझ्या आईच्या तोंडचं होतं, टोमणा नव्हता, आणि मी ते तिकिटाच्या दराची माहिती म्हणून ऐकलं होतं.

शिकवणाऱ्यानं विचारलं, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, हो. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला. बिचाऱ्याचं चुकलं नाही, माझ्या चेहऱ्यावर त्याला काय मिळणार होतं?

बसमध्ये मात्र डोळ्यांतून पाणी आलं. फवाऱ्याचा परिणाम असेल अशी शंका आली, घड्याळ पाहिलं, फवारा मारून अडीच तास झाले होते. रक्तात हे औषध काही मिनिटांतच निम्मं होतं. मेंदूत किती पोचतं, किती टिकतं, यावर तज्ज्ञांची भांडणं आहेत. बसमधल्या त्या पाण्याचा धनी कोण, ते मी कोणालाच विचारलं नाही.

शेवटच्या वर्गांत एक युक्ती शिकवली, ती अजून वापरतो. कागदावर रेघ मारायची. डावीकडे जे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे माझा अंदाज. त्याच आठवड्यात दाजी दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. उजवीकडे मी भराभर लिहिलं: मी घरात नको झालोय, माझ्या औषधांचा खर्च, ताईशी माझ्यावरून भांडण. डावीकडे लिहायला गेलो तर: बोलले नाहीत. डाव्या गालावर हात. चहा घेतला नाही. बस. मग पुढची पायरी, विचारून बघायचं, तीच अवघड. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हटलं, "दाजी, माझं काही चुकलंय का?" दाजींनी तोंड अर्धंच उघडलं. "अक्कलदाढ." पुढे पंधरा मिनिटं त्यांनी मला त्या दाढेचा इतिहास ऐकवला, तोही अर्ध्या तोंडानं.

सहा आठवडे संपल्यावर पुन्हा त्या सगळ्या चाचण्या, महिन्यानं आणखी एकदा. आणि एक शेवटचा प्रश्न: तुम्हाला काय मिळालं असं वाटतं, औषध की कोरं? मी ठामपणे म्हटलं, कोरं. काही जाणवलंच नव्हतं ना! दीडेक वर्षानं पत्र आलं, कोणाला काय होतं ते उघड केल्याचं. माझ्या नावापुढे ऑक्सिटोसिन. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि बिलांच्या फाइलला लावलं.

पुढे या विषयावरचं मिळेल ते वाचत राहिलो. 2014 साली लॉस एंजलिसच्या 27 पुरुषांवरचा अभ्यास छापून आला, आमच्यासारखेच बारा वर्ग, चाळीस युनिट. फवाऱ्यावाल्यांना एकाच बाबतीत फरक पडला होता: कोणी आपली हकिकत सांगत असताना त्याला क्षणोक्षणी काय वाटतंय ते ओळखणं. महिन्यानंतरही तो टिकला. चेहरे ओळखण्यात फरक नाही, लक्षणांत नाही. पुढच्याच वर्षी सिडनीहून आलं की नुकत्याच आजारी पडलेल्या तरुणांना शिकवणीबरोबर फवारा देऊन कोऱ्यापेक्षा काही जास्त मिळालं नाही. झुरिकचा भरवशाचा खेळ 2020 साली जास्त लोकांवर पुन्हा करून पाहिला तर तो परिणाम दिसलाच नाही. ऑटिझम असलेल्या 290 मुलांवरच्या मोठ्या चाचणीचंही 2021 साली तेच झालं. प्रेमाच्या हार्मोनची हवा बरीच उतरली आहे. मला त्याचं फार दुःख नाही. तुमच्या घरात कोणी आजारी असेल आणि कोणी इंटरनेटवर अशी बाटली विकत असेल तर मात्र घेऊ नका. चाचणीत माझं सोडियम बघायला माणसं होती, त्या बाटलीबरोबर कोणी येत नाही.

2018 साली चुलतभावाचा गावाकडून फोन आला. "तुझं ते औषध सरकारनं बंद केलं म्हणं." म्हशींना टोचतात म्हणून केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली होती, एकाच सरकारी कंपनीकडे काम सोपवायचं ठरलं होतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला हेच इंजेक्शन लागतं, त्यामुळे डॉक्टरांनी ओरड केली आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. भावाला हे सगळं सांगेपर्यंत तो म्हणाला, "ते राहू दे. तू बरा हायस का?" मी सवयीनं हो म्हणणार होतो. मग म्हटलं, माणसांत गेल्यावर दमतो, बाकी बरा आहे. तो म्हणाला, आम्ही बी दमतोय की.

आईला फोन रविवारी असतो. परवा ती म्हणाली म्हैस व्यालीय, रेडी झालीय, रात्रभर जागी होते. चीक कोणाकोणाला वाटला त्याची यादी झाली. मी म्हटलं, यंदा येईन म्हणतो.

"राहू दे," ती म्हणाली. "नको येऊस. तिकीट महाग असतं."

मी कागद ओढला. डावीकडे तेच वाक्य लिहिलं. उजवीकडे काय लिहावं ते सुचेना. आजही मला नुसत्या आवाजावरून कळत नाही, हे खरं आहे.

"आई, हे खरंच नको येऊस असं आहे, की ये असं आहे?"

पलीकडून म्हशीचा आवाज आला, मग बादलीचा.

"एवढंबी कळत न्हाई व्हय तुला?"

"नाही कळत गं. म्हणून तर विचारतोय."

बराच वेळ गेला.

"ये," ती म्हणाली. "पण मे महिन्यात नको. पाणी नसतंय."